मोटरचा रोध मीटरवर वेगळा आणि हिशेबात वेगळा का येतो?

प्रश्न : माझी दीड एचपीची सिंगल फेज पाणबुडी मोटर आहे. चालू असताना पॅनलवर २३० व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअर दिसतात. व्होल्टला अँपिअरने भागून रोध २८.७५ ओहम आला. पण मोटर बंद करून मीटर लावला, तर जेमतेम ३ ओहम. मोटरचे वायंडिंग (आतले तारेचे वेढे) गेले का?

उत्तर : एवढ्यावरून मोटर गेली असे म्हणता येत नाही. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ३ ओहम हा तांब्याच्या तारेचा रोध आहे. तेवढाच रोध असता तर २३० व्होल्टला सुमारे ७७ अँपिअर वाहिले असते आणि तुमचा ब्रेकर लगेच पडला असता. तसे होत नाही, कारण वायंडिंगचे चुंबकत्व एसी प्रवाहाला अडवते आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आतून उलटा दाब (व्होल्टेज) तयार करतो. म्हणून चालू मोटरच्या व्होल्ट-अँपिअरवरून काढलेल्या २८.७५ ला वायंडिंगचा रोध समजू नका.

मग ३ ओहमचा उपयोग काय? वायंडिंग किती तापते ते त्यावरून कळते. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, म्हणजे ८ × ८ × ३ = १९२ वॅट नुसते उष्णतेत जातात. नवी मोटर बसवली त्या दिवशीच हा रोध वहीत लिहून ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगतो. पुढे कधी तो बराच कमी भरला तर आतले वेढे एकमेकांना चिकटले आहेत, आणि मीटरने काहीच दाखवले नाही तर तार तुटली आहे. माप पॅनलपाशी घेतले असेल तर त्यात केबलचा रोधही येतो, हे ध्यानात ठेवा. मोजण्याआधी मेन स्विच बंद करा आणि कपॅसिटर (मोटर उठवायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) डिस्चार्ज करून घ्या. कपॅसिटरमधला उरलेला झटकाही जबर असतो.

शक्तीचा हिशेबही इथेच सांगतो. २३० × ८ = १८४० हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हेत. मोटरमध्ये दाब आणि प्रवाह एका लयीत चढत-उतरत नाहीत, म्हणून पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. तो ०.९ धरला तर १६५६ वॅट येतात. थ्री फेजला याच गुणाकारात आणखी १.७३२ येतो आणि व्होल्टेज दोन फेजमधले घ्यायचे.

प्रश्न : विहीर पॅनलपासून २०० मीटरवर आहे. अडीच एमएमची तांब्याची केबल टाकली आहे. मोटर नुसती घुमते, उचलत नाही. वायरमनने तपासले तर दोन्ही टोकांना २३० व्होल्ट आहेत. दोष मोटरचाच ना?

उत्तर : वायरमनने मोटर बंद असताना मोजले असणार. प्रवाहच नसेल तर तारेत व्होल्टेज पडणार कसे? मोजायचे ते मोटर चालू करून. ओहमचा नियम (व्होल्ट = अँपिअर × ओहम) शेतात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे, कारण केबल म्हणजे जवळजवळ निव्वळ रोधच.

हिशेब असा. तांब्यासाठी ०.०१७५ ला तारेच्या मीटरमधल्या लांबीने गुणा आणि एमएमने, म्हणजे चौरस मिलिमीटरने, भागा. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ४०० मीटर धरायची. अनेकजण इथेच चुकतात. ०.०१७५ × ४०० ÷ २.५ = २.८ ओहम. चालू मोटरच्या ८ अँपिअरला २२.४ व्होल्ट तारेत पडतात आणि १७९ वॅट मातीत जिरतात.

खरी अडचण सुरुवातीला येते. उठताना मोटर चालू प्रवाहाच्या कित्येक पट ओढू पाहते. नुसते ३० अँपिअर धरले तरी ८४ व्होल्ट केबलच खाते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. दाब दोन तृतीयांश उरला की जोर निम्म्याच्याही खाली जातो, मग ती घुमतच राहणार. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, वायंडिंग त्यानेच जळते. ६ एमएमची केबल घेतली तर रोध १.१७ ओहमवर येतो आणि चालू असतानाची घट साधारण ९ व्होल्ट उरते. ॲल्युमिनियम घेणार असाल तर त्याचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट, म्हणून १० एमएम घ्या. कपॅसिटरही तपासून घ्या, तो अशक्त झाला तरी लक्षण हेच दिसते.

केबलमधला प्रत्येक जोडही बघा. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड हात लावायच्या आधीच ओळखू येतो : टेप कडक होऊन आक्रसलेली, शेजारचे प्लास्टिक तपकिरी. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम असला तरी ८ अँपिअरला ३२ वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. डाग लावायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीची ताकद साधारण तेवढीच असते. चालू लाइनवर जोडाच्या दोन बाजूंना मीटर धरून किती व्होल्ट पडतात ते पाहता येते, पण ते काम जाणत्या वायरमनलाच करू द्या.

प्रश्न : व्होल्टेज कमी असले की पिल्लांच्या शेडमधला हीटर कमी तापतो, मोटर मात्र जास्त तापते. असे का?

उत्तर : हीटरचा रोध जवळपास स्थिर असतो. २३० व्होल्टचा १००० वॅटचा हीटर म्हणजे ५२.९ ओहम. २०० व्होल्टला त्यातून ३.७८ अँपिअर वाहतात आणि ७५६ वॅटच मिळतात. पिल्ले गारठून हीटरजवळ गोळा होऊ लागली तर आधी मीटर लावा. मोटरला मात्र तेवढेच पाणी उचलायचे असते, म्हणून दाब घटला की ती अँपिअर जास्त घेते, आणि उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ८ चे १० अँपिअर झाले तर १९२ चे ३०० वॅट होतात. ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा आणि तो पडतो म्हणून पुढे सरकवू नका.