मूल नाही, मग गोळी कोणासाठी?

प्रश्न : मुलीला मूल हवं आहे म्हणून ती डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी आत्तापासूनच फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. दिवस गेल्यावर घेतलं तर चालत नाही का? दुसरं म्हणजे, यजमानांच्या पाठीतून पाणी काढायचं ठरलंय. सुई मज्जारज्जूत घुसली तर?

उत्तर : गोळी आत्ताच सुरू करू दे. दिवस गेल्याचं कळेपर्यंत मुख्य काम बहुधा उरकत आलेलं असतं.

शरीररचनाशास्त्राच्या तासाला मी फळा पुसायचं फडकं टेबलावर पसरायचे. गर्भ राहिल्यावर अठराएक दिवसांनी गर्भाच्या पाठीवर अशीच एक सपाट पट्टी जाड होते. ज्या थरातून कातडी बनते, त्याच थरातली ही पट्टी. मग फडक्याचे दोन्ही काठ उचलून एकमेकांना भिडवायचे. मधे पन्हळ, आणि काठ जुळले की नळी. हे जुळणं मानेच्या भागात बाविसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं. डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास बंद होतं, शेपटाकडचं अठ्ठाविसाव्या. पुढे वरच्या टोकाला फुगे येतात, तो मेंदू; उरलेली नळी म्हणजे मज्जारज्जू.

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! तेव्हा कित्येकींनी तपासणीही केलेली नसते. खालचं तोंड उघडं राहिलं तर मणका दुभंगलेला राहतो, वरचं राहिलं तर मेंदूचा आणि कवटीचा मोठा भाग घडतच नाही. ज्यांना आधी असं मूल झालं होतं अशा स्त्रियांवरचा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडने हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. एरवी रोज 400 मायक्रोग्रॅमची शिफारस असते. मोठा डोस कोणाला द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील. मनाने वाढवू नये.

आता यजमानांची सुई. गर्भात सुरुवातीला मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत अगदी शेवटपर्यंत असतो. मग मणके भराभर वाढतात आणि तो मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ असतं, मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्याजवळ. विच्छेदनाच्या टेबलावर त्याचं आवरण चिरलं की निमुळतं टोक दिसतं आणि त्याखाली चेतांच्या लांबच लांब दोऱ्यांचा झुपका. बाहेर पडायच्या जागा मणक्यांबरोबर खाली सरकल्या, म्हणून बिचाऱ्या ताणत लांबल्या. पुस्तकात याला अश्वपुच्छ म्हणतात. बघितल्यावर दुसरं नाव सुचतच नाही.

सुई साधारण कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीतून जाते. तिथे रज्जू नाही, द्रवात तरंगणारे दोरे आहेत, ते सहसा बाजूला सरकतात. एखाद्याला सुई लागलीच तर पायात झटका येतो; तसं झालं तर हालचाल न करता लगेच सांगायचं. नंतर काहींचं डोकं दुखतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतील, तेव्हा यजमानांनी अंग चोरू नये. पाठ जितकी वाकेल तितकी मणक्यांमधली फट उघडते.