सहीच्या पुस्तकांसाठी एफडी मोडावी का?

मुलुंड पूर्वेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या ४६ वर्षांच्या, खासगी कंपनीत नोकरीला. यजमानांचा छपाईचा छोटा व्यवसाय, मुलगी यंदा दहावीत. घरखर्च महिन्याला साधारण ९० हजार. बँकेत साडेपाच लाखांची एफडी, १५ हजारांची मासिक एसआयपी आणि नुकताच हातात आलेला दोन लाखांचा बोनस. डोक्यावर कर्ज नाही. सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे. कॉलेजपासून त्या गढवाल-कुमाऊंत ट्रेक करत आल्या आहेत आणि त्या भागावरची, लेखकाची सही असलेली पुस्तकं जमवतात. आता एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने सात सहीच्या प्रतींचा संच ४ लाख २० हजारांना देऊ केला आहे. घ्यायचा तर पूर्ण संच, आणि उत्तर पंधरा दिवसांत. ‘असल्या पुस्तकांचे भाव वाढतच जातात’ असं विक्रेत्याचं म्हणणं. ताई विचारतात, एफडी मोडून घेऊ का? मुलीच्या शिक्षणाला गरज पडली तर विकता येतीलच ना?

ताई, उत्तर आधी देतो. एफडी मोडू नका. पूर्ण संच घेऊ नका. त्यातलं एक पुस्तक बोनसमधून घ्या आणि ते घेताना अपराधी वाटून घेऊ नका.

एफडीचं पहिलं. तुमच्या घरात एक पगार ठरलेला आणि एक उत्पन्न वरखाली होणारं. साडेपाच लाख म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च. तेवढा तुमच्या घराला लागतोच. त्यातून ४ लाख २० हजार काढले, तर हातात १ लाख ३० हजार राहतात, म्हणजे जेमतेम दीड महिना. बहुतेक बँका मुदतीआधी मोडलेल्या एफडीवर अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, पण ते नुकसान किरकोळ आहे. खरी अडचण पुनर्विकासाची आहे. विकासक भाडं देईल, दलाली आणि सामान हलवण्याचे पैसेही करारात असतील, पण भाड्याच्या घराची अनामत बहुतेक वेळा आपल्यालाच भरावी लागते. भाड्याचा हप्ता दोन महिने लांबला तरी घरमालक थांबत नाही. मुंबईत पुनर्विकासात गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा, पहिलं वर्ष किती रोख रक्कम खातं ते सांगतील. नवीन घराची चावी हातात येईपर्यंत ती एफडी आहे तशीच राहू द्या.

आता दुसरा प्रश्न, विकता येतील का. येतील, पण तुम्ही समजता त्या भावाला आणि त्या वेळी नाही.

जुन्या पुस्तकांचा व्यापारी प्रत विकत घेताना तिच्या विक्रीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मे पैसे देतो. यात फसवणूक नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पुस्तक त्याच्याकडे काही वर्षंही पडून राहू शकतं, भांडवल त्याचं अडकतं. पण तुमच्या बाजूने हिशोब असा होतो: आज ४ लाख २० हजारांना घेतलेला संच उद्या विकायला गेलात तर चांगल्यात चांगला भाव २ लाख १० हजार. नुसते घातलेले पैसे परत यायचे, तरी दुकानातली किंमत दुप्पट व्हावी लागेल. भाव दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी त्याला दहा वर्षं लागतात. आणि दहा वर्षांनी तुम्ही जिथल्या तिथेच. त्याच दराने ठेवीत घातलेले ४ लाख २० हजार एव्हाना करापूर्वी दुप्पट झालेले असतात. लिलावात भाव बरा मिळू शकतो, पण तिथे खरेदीदाराला बोलीवर वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास जादा भरावे लागतात. तो ते मनात धरूनच बोली लावतो, आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतलं जातं. आजपासून तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मुलीची फी भरायची असेल आणि लिलाव नोव्हेंबरात असेल, तर काय करणार? शिक्षणाचे पैसे अडीच-तीन वर्षांत लागणार आहेत, ते एफडीत किंवा तशाच सुरक्षित जागी हवेत. त्या हिशोबातून पुस्तकं पूर्ण वगळा.

विक्रेता म्हणतो भाव वाढतात. काहींचे वाढतात, आणि कशाचे ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमचा संच सगळा एका तोलाचा नाही.

तुम्ही यादी पाठवली आहे. त्यात शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ची १९४४ची सही केलेली प्रत आहे. हे पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं ते आपल्या मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. १९४६मध्ये अमेरिकेतल्या एका बुक क्लबने, म्हणजे सभासदांना निवडक पुस्तकं पाठवणाऱ्या संस्थेने, ते निवडलं आणि तिथे प्रती लाखांनी छापल्या गेल्या. म्हणून अमेरिकी प्रत सहज सापडते आणि जाणकार शोधतात ती मुंबईची. कॉर्बेट १९४७मध्ये केनियाला गेले, १९५५मध्ये तिथेच वारले. सह्यांचा साठा तिथे संपला. शोधणारे वाढताहेत आणि वस्तू वाढू शकत नाही, तेव्हा भाव टिकायला आधार असतो.

दुसरी ठळक प्रत उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखरावरची, १९३०च्या दशकातली. या शिखराभोवती डोंगरांचं कडं आहे. १९३४मध्ये शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक ऋषिगंगेच्या घळीतून त्या कड्याच्या आत शिरले. १९३६मध्ये टिलमन आणि त्यांचे सहकारी ओडेल ७,८१६ मीटरच्या शिखरावर पोचले. या दोन मोहिमांवर स्वतः गेलेल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना जगभर वाचक आहेत. शिप्टन १९७७मध्ये वारले, टिलमन त्याच वर्षी दक्षिण अटलांटिकमध्ये जहाजासकट बेपत्ता झाले. याही सह्या आता नव्याने होणार नाहीत.

उरलेल्या पाचांपैकी चार लेखक हयात आहेत आणि आजही व्याख्यानं देतात. त्यांच्या सहीला भाव द्यायचं काही कारण नाही. काळा घोड्याच्या महोत्सवात, दादरच्या एखाद्या प्रकाशन समारंभात, गिर्यारोहकांच्या कार्यक्रमात छापील किमतीला पुस्तक घ्या आणि समोर उभं राहून सही घ्या. तुमच्या संग्रहातली बहुतेक पुस्तकं अशीच आली आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या मते तुमच्या संग्रहाचा तोच सगळ्यात सुंदर भाग आहे. संचाच्या नावाखाली ही चार पुस्तकं तुम्हाला विकली जात आहेत. म्हणून विक्रेत्याकडे प्रत्येक पुस्तकाची वेगळी किंमत मागा. ती द्यायला तो तयार नसेल, तर तेवढ्यावरच व्यवहार सोडा.

सही खरी आहे का, हा प्रश्न पत्रात नाही. तो मी घालतो. सही पुस्तकाच्या पानावरच आहे की वेगळ्या कागदावर करून चिकटवलेली आहे? शाईने केलेली आहे की छपाईतच आलेली? यजमान छपाईतले आहेत, भिंग घेऊन त्यांनाच पाहायला सांगा, छापील सहीचे ठिपके त्यांच्या नजरेतून सुटणार नाहीत. कुणाला उद्देशून लिहिलेली सही असेल तर तो माणूस कोण, पुस्तक तिथून इथपर्यंत कसं आलं, जुनं बिल किंवा पत्र आहे का? मूळ वेष्टण शाबूत आहे का? जुन्या पहिल्या आवृत्तीत कागदी वेष्टण असणं-नसणं यावर किमतीत मोठा फरक पडतो. हे सगळं लेखी आणि बिलावर घ्या, सही खोटी निघाल्यास पैसे परत देण्याच्या हमीसकट.

मग एक पुस्तक कुठलं? नुसता विकण्याचा विचार केला तर कॉर्बेटची प्रत. पण आपण आत्ताच ठरवलं की ही गुंतवणूक नाही, आणि एकदा ते ठरलं की निवड बदलते. तुम्ही लिहिलंय, ‘खरं सांगायचं तर मला नंदादेवीचंच हवं होतं.’ नंदादेवीचं अंतरंग, म्हणजे त्या कड्याच्या आतला भाग, १९८३पासून गिर्यारोहकांना आणि ट्रेकर्सना बंद आहे. तुम्ही इतकी वर्षं ते शिखर बाहेरूनच पाहत आलात. आत गेलेल्या माणसाच्या हाताची सही असलेलं त्याचंच पुस्तक घरात असावं, ही इच्छा मला पूर्ण पटते. त्यासाठी बोनसमधले ७५ हजारांपर्यंत खर्च करा. हा खर्च आहे, घरच्या हिशोबात खर्च म्हणूनच लिहा, जसा आपण ट्रेकचा लिहितो. उरलेल्या सव्वा लाखातले ७५ हजार भाड्याच्या घराच्या अनामतीसाठी बाजूला ठेवा आणि ५० हजार मुलीच्या अकरावीसाठी. पुस्तक ७५ हजारांत बसत नसेल, तर यंदा नाही.

पुढचंही सांगून ठेवतो. मुलीचा अकरावीचा प्रवेश झाला, भाड्याच्या घरात बस्तान बसलं, की महिना चार हजारांचं एक आवर्ती खातं फक्त पुस्तकांसाठी उघडा. वर्षाला ४८ हजार होतात. पंधरा दिवसांत उत्तर द्या म्हणणारा विक्रेता पुन्हा भेटेल. तेव्हा एफडीकडे बघावं लागणार नाही. क्रेडिट कार्डवर किंवा कार्डाच्या हप्त्यांवर मात्र एकही पुस्तक घेऊ नका. थकबाकीवर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज बसतं, ते कुठलीच सही भरून काढणार नाही.

कराबाबत थोडक्यात. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या जंगम वस्तू प्राप्तिकराच्या कायद्यात भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना ही सवलत नाही. पुस्तकांचं नाव त्या अपवादांत नाही. पण तुम्हीच ती गुंतवणूक म्हणून दाखवलीत, तर दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून झालेल्या नफ्यावर १२.५ टक्के कराचा प्रश्न उभा राहू शकतो. कधी मोठी विक्री करायची झाली तर आधी सीएंना विचारा. आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं, तर १९७२चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुस्तकात एखादं जुनं पत्र असेल तर हा मुद्दा येऊ शकतो.

संग्रह जपायला पैसे लागतात, तेही धरा. मुंबईच्या पावसाळ्यात पुस्तकांचे शत्रू दोनच, ओल आणि कसर. भाड्याच्या घरात पुस्तकं बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, बंद कपाटात ठेवा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या दर महिन्याला बदला. घराचा विमा घेताना नीट वाचा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. पण हस्तलिखितं आणि कागदपत्रं वेगळी नोंदवल्याशिवाय त्यात येत नाहीत, आणि मौल्यवान वस्तूंची किंमत आधी ठरवून घ्यावी लागते. भाड्याच्या घरात इमारत तुमची नसेल, तेव्हा फक्त सामानाचा विमा मागा आणि सहीची पुस्तकं यादीसह दाखवून लेखी होकार घ्या. सामान हलवणाऱ्यांच्या टेम्पोत ती खोकी देऊ नका, स्वतःबरोबर न्या.

आणि या रविवारी एक वही घ्या. प्रत्येक पुस्तकाचं नाव, आवृत्ती, सही कुठल्या पानावर, कुठून घेतलं, किती दिले, बिल कुठे ठेवलंय, हे लिहा. सहीच्या पानाचा फोटो काढून मुलीच्या आणि यजमानांच्या फोनवर पाठवा. बँकेच्या खात्याला नॉमिनी नोंदवता येतो, पुस्तकांना येत नाही. मुंबईत घर हलवताना चांगले ग्रंथसंग्रह रद्दीत किलोने गेलेले आहेत, कारण घरातल्या कुणाला त्यात काय आहे हेच माहीत नव्हतं. इच्छापत्रात संग्रहाचा एका ओळीत वेगळा उल्लेख करा, आणि मुलीला त्यात रस नसेल तर तो कुठल्या ग्रंथालयाला द्यायचा तेही लिहा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा एशियाटिक सोसायटीला आधी विचारा की ते स्वीकारतील का.

विक्रेत्याला इतकंच कळवा: संच नको, नंदादेवीची प्रत हवी, सहीच्या पानाचा आणि वेष्टणाचा स्पष्ट फोटो, पूर्वीच्या मालकाची माहिती आणि एकट्या प्रतीची किंमत पाठवा. त्याचं उत्तर आलं की मला दाखवा, पैसे भरण्याआधी आपण एकदा बोलू.