ते छप्पर कुणाच्या हद्दीत होतं?

तुमचा प्रश्न : १३ जुलै २०२४ ला अमेरिकेत बटलर या गावी झालेल्या प्रचारसभेत ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडणारा एवढ्या बंदोबस्तात छपरावर चढलाच कसा? की सगळं नाटक होतं?

नाटक नव्हतं. सभेला आलेला एक माणूस जीवानिशी गेला, दोघं गंभीर जखमी झाले. मुंबईत मी बरीच वर्षं सभांचे बंदोबस्त केलेत. बटलरचा तपशील वाचताना ठिकठिकाणी ओळखीचं वाटत गेलं.

ते छप्पर स्टेजपासून दीडशे मीटरच्या आत, पण कुंपणाबाहेर. आतलं सीक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे तिथल्या बड्या नेत्यांना संरक्षण देणाऱ्या सरकारी दलाकडे, बाहेरचं मुख्यतः स्थानिक पोलिसांकडे. दोघांचे कंट्रोल वेगळे, वायरलेस वेगळे. तो तासभर आधीच पोलिसांच्या नजरेत भरला होता, त्याचा फोटोसुद्धा फिरला होता. पण छपरावर बंदूक घेऊन माणूस आहे, हा निरोप स्टेजजवळच्यांना वेळेत मिळाला नाही. आठ गोळ्या सुटल्या.

शिवाजी पार्कला मोठी सभा असली की भोवतीच्या गच्च्यांवर पॉइंट, म्हणजे पोलिसांचे पहारे, लागायचे. भर दुपारी वर जायचं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहायचं, कानाला वॉकीटॉकी. वरून स्टेज काडेपेटीएवढं दिसतं. तो नेता किती उघड्यावर उभा आहे, ते तिथून बघितल्याशिवाय कळत नाही.

पण उपनगरातल्या चौकसभेला एवढी माणसं कुठून आणणार? अशाच एका सभेत समोरच्या गच्चीवर मला हालचाल दिसली. दोन ठाण्यांच्या सीमेवरची इमारत. आम्हाला वाटलं पॉइंट त्यांचा, त्यांना वाटलं आमचा. जिने चढून गेलो, तर कॉलेजची दोन पोरं कठड्यावर रेलून भाषण ऐकत होती. पोरं होती म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जपानात ८ जुलै २०२२ ला नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्याच्या मधोमध उभे राहून प्रचाराचं भाषण करत होते आणि त्यांची पाठ मोकळी होती. पहिला बार चुकला. दुसरा जेमतेम अडीच सेकंदांनी. मागे तोंड करून एक जण जरी उभा असता, तर तेवढ्यात साहेबांना खाली पाडता आलं असतं.

तुमची सोसायटी मैदानाला लागून असेल, तर सभेच्या दिवशी गच्चीला कुलूप लावा, किल्ली कुणाकडे आहे ते ठाण्याला सकाळीच कळवा, आणि अनोळखी माणूस वर दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, आधी ११२ लावा.