बुलेट मागून डोलते, स्प्रिंग कडक करू का?

प्रश्न: नाना, नमस्कार. वडिलांची १९८६ची बुलेट ३५० मी चालवतो. आठवड्यातून दोन-तीनदा तापी ओलांडून अमळनेरला जाणं होतं, मागे बायको नाहीतर धान्याचं पोतं. खड्ड्यात गेली की मागून धाडकन आवाज येतो आणि खड्डा सरला तरी गाडी डोलतच राहते. उजव्या शॉकअपवर तेलकट धूळ बसलेली दिसते. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंग एक खाच कडक करून देतो, नाहीतर उजवा तेवढा बदलू. काय करू?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: दम धरा भो, खाच चढवू नका.

स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळलेलं परत ओकतेही. तिला लगाम घालतं शॉकअपच्या आतलं तेल. दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, त्याच्या बारीक भोकांतून तेल जायला वेळ लागतो, म्हणून दबलेली गाडी सावकाश वर येते. तुमचं सील गेलंय, तेल बाहेर आलंय, लगाम सुटलाय. आता स्प्रिंग कडक केली तर ती अजूनच उसळेल. खड्ड्यातला आवाज कमी होईल एखाद वेळेस, पण डोलणं वाढेल.

खात्री करायची तर सकाळी थंड गाडीवर करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि गरम तेल पातळ होतं. दुपारी अमळनेरहून परत आलात की लगेच सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदम थांबली तर ठीक. दोन-तीनदा खालीवर झाली तर शॉकअप संपले. काळ्या जमिनीवरचे आपले रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात. एका खड्ड्याला मेलेला शॉकअप निभावून नेतो, पण लागोपाठच्या लाटांवर उघडा पडतो.

एकटा उजवा बदलू नका. नवा आवरून धरतो, जुना उसळतो, आणि वळणावर चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरून खालीवर हलणाऱ्या लोखंडी दांड्यांना, पीळ बसतो. जोडीच घ्या.

घेताना जुन्याची लांबी मोजून न्या: वरच्या डोळ्याच्या (ज्यातून बोल्ट जातो त्या कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत, शॉकअप काढून, पूर्ण उघडलेला असताना. हे मी ठेच खाऊन शिकलो. ऐन तारुण्यात गाडी मागून उंच दिसावी म्हणून दुसऱ्याच गाडीचे लांब शॉकअप लावले. रुबाब झाला! पुढे पारोळ्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. मेन स्टँडवर गाडी चढवली, तर चाक जमिनीला टेकलेलंच. शेवटी शेतकऱ्याच्या बांधावरून दोन विटा मागून आणल्या, स्टँडखाली घातल्या, तेव्हा चाक निघालं. आखूड घेतले तर उलटं, पोतं ठेवलं की टायर मडगार्डला घासतो.

बसवणं अवघड नाही. आदल्या रात्री नट-बोल्टवर डिझेल सोडून ठेवा, इतक्या वर्षांचा गंज आहे तो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागच्या चाकाखाली लाकडाची फळी सरकवा. एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही एकदम काढले तर चिमटा खाली लोंबेल आणि भोकं जुळवताना घाम फुटेल. कोणता वायसर आत, कोणता बाहेर, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रबरी बुश आत जात नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, रबर फुगतं. बोल्ट आधी नुसते लावून घ्या आणि गाडी स्टँडवरून उतरवून वर बसा, मग दुसऱ्याला शेवटचं आवळायला सांगा. अधांतरी आवळलेलं रबर कायम पीळ खाऊन बसतं आणि लवकर फाटतं. दोन्हीकडची खाच सारखी ठेवा. चेनचा ढिलेपणाही त्याच वेळी बघून घ्या.

एक राहिलं. नवे शॉकअप चढवण्याआधी, गाडी मेन स्टँडवर असताना चिमट्याचीही तपासणी करा. चाक नव्हे, चिमटाच मागून धरून डावी-उजवीकडे हलवा. खट् वाजलं, तर चिमट्याचे बुशही गेलेत. ते तसेच ठेवून नवी जोडी चढवलीत, तर वळणावरचं डोलणं तुमच्या बोकांडी तसंच राहील, आणि शिव्या खातील बिचारे नवे शॉकअप.