मुलाला शाळेत पाठवताना जीव टांगणीला लागतो. मी जास्तच काळजी करते का?

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. बहुतेक वेळा आई येते, कधी आजी. वडील येतात ते "हिची जरा समजूत काढा" म्हणत बायकोला घेऊन. मुंबईतल्या भांडुपचं हे कुटुंबही तसंच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा चौथीत, नऊ वर्षांचा. घरापासून शाळा पंधरा मिनिटांच्या चालीवर, पण मध्ये वर्दळीचा एलबीएस मार्ग. मेट्रो-४ मार्गाच्या कामाचे पत्रे, त्यांना खेटून जाणाऱ्या बस, उलट्या दिशेने घुसणारे डिलिव्हरीवाले. एका दुपारी शाळेच्या फाटकाशी रिव्हर्स घेणारा टेम्पो मुलाच्या दप्तराला घासून गेला. मुलाला खरचटलंसुद्धा नाही, पण आईची झोप उडाली ती उडालीच. सकाळी ती त्याला स्कूटरवर सोडू लागली. शाळा सुटायच्या वेळी आजोबांना फोनवर फोन. ऑफिसात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की हात थरथरायचे. नवऱ्याचं म्हणणं, "आम्ही टेकडीवरून एकटे उतरून शाळेत जायचो, काय बिघडलं आमचं?" एव्हाना मुलाचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं होतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून पोटात काही नाही म्हटल्यावर मग ते माझ्याकडे आले. हा क्रम बरोबरच होता.

मी श्वासाचे व्यायाम शिकवीन, बायको शांत होईल आणि विषय मिटेल, अशी नवऱ्याची अपेक्षा होती. व्यायाम शिकवले. पण त्याआधी आईच्या हातात कोरा कागद आणि लाल पेन्सिल दिली. "घर ते शाळा रस्ता काढा आणि जिथे भीती वाटते तिथे खूण करा." तिने अख्खा रस्ता लाल केला. मग एकेका जागी थांबून मी विचारत गेले, "इथे नेमकं काय होईल? कुठून येईल? कुणाला दिसणार नाही?" बऱ्याच ठिकाणी तिच्याकडे उत्तर नव्हतं. तीन ठिकाणी मात्र ती न अडखळता बोलली. दुचाक्यांनी फूटपाथ व्यापलाय आणि मुलांना रस्त्यावर उतरावं लागतं ती जागा. पत्र्यांच्या कोपऱ्यापलीकडून येणारी गाडी दिसतच नाही ते क्रॉसिंग. आणि शाळेचं फाटक, जिथे रिक्षा, व्हॅन, स्कूटर सगळे एकाच वेळी वळतात.

"म्हणजे हिचं बरोबर?" नवऱ्याने विचारलं.

"तीन ठिकाणी बरोबर. उरलेल्या रस्त्यावर नाही."

माझ्या कामातला बराचसा भाग हाच असतो. मुंबईत रस्त्याला घाबरणाऱ्या आईला सरसकट चिंतारोगी ठरवणं मला पटत नाही. तिची भीती रस्त्याविषयी काही खरं सांगत असते. फक्त ती इतकी पसरलेली असते की खरं कुठलं, हे तिलाही सापडत नाही.

मुलाशी वेगळं बोलले. तो लगेच म्हणाला, "स्कूटर लावून क्रॉस करताना आई हात इतका दाबते की बोटं दुखतात. मग मला वाटतं, आता काहीतरी होणार." पोटदुखीचं मूळ तिथे होतं. टेम्पोचा प्रसंग तो जवळजवळ विसरला होता. आईचा हात रोज आठवण करून देत होता.

मग प्रश्न आला, "एकटा कधी सोडायचा?" इथे वडिलांना थोडं थांबवावं लागलं. मूल हुशार आहे, पाढे पाठ आहेत, म्हणून त्याला वेगाचा अंदाज येतोच असं नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येतेय, हे दर वेळी ओळखता येईलच असं नाही. गाडी किती झपाट्याने मोठी दिसत जातेय हे टिपण्याची क्षमता त्या वयात पिकायची असते. त्यात चौथीतलं पोर उभ्या गाड्यांच्या मागे बॉनेटपेक्षा फार उंच दिसत नाही. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १४ मीटर पुढे येते, ३० च्या वेगाने आठ. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ३० असावा, असं रस्ता सुरक्षेचा २०२० चा स्टॉकहोम जाहीरनामा म्हणतो तो यामुळेच. "आम्ही जायचो ना" म्हणणाऱ्या वडिलांच्या लहानपणी तो रस्ता असा नव्हता, हेही खरं.

म्हणून ठरलं असं: अजून एकटा नाही, पण ओढून नेणंही नाही. रोज जाताना मुलाने पुढे व्हायचं, आईने अर्धं पाऊल मागे. क्रॉसिंगला तो थांबेल, उजवीकडे-डावीकडे-पुन्हा उजवीकडे बघेल आणि "आता" म्हणेल. आईने मनात स्वतःचा अंदाज बांधायचा, जुळला तरच निघायचं. नाही जुळला तर रागवायचं नाही, "तुला काय दिसलं?" एवढंच विचारायचं. हात धरायचा, पण मनगटाला, सैल. आईसाठी वेगळं काम: रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं काळजीची. त्या वेळात हवं तेवढं लिहायचं. दिवसा भीती आली की "रात्री बघू" म्हणून पुढे ढकलायची. ऐकायला पोरकट वाटतं, पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. शाळा सुटल्यावर आजोबांचा एकच मेसेज: "आलो." उलट फोन नाही.

स्कूटरचा विषय मला काढावाच लागला. फाटकाशी गर्दी करणाऱ्यांत आता आईही होती, आणि मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, हे २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच आहे. चालण्याच्या धोक्यातून पोराला वाचवायचं म्हणून आपण त्याला त्याहून मोठ्या धोक्यात बसवतो, हे मी पुष्कळ घरांत पाहते.

राहिली ती तीन लाल ठिकाणं. ती श्वासाच्या व्यायामाने जाणार नव्हती आणि मुलाने कितीही नीट बघितलं तरी दुचाक्या फूटपाथवरून हलणार नव्हत्या. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालक आणि वाहतूक पोलीसही तिच्यात असतात. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. आईने पालकसभेत विचारलं, "आपल्या समितीची बैठक कधी झाली?" कुणालाच सांगता येईना. मग झाली. तिचा तो लाल खुणांचा कागद बैठकीत फिरला. "रस्ता सुरक्षित करा" या अर्जापेक्षा असा कागद बरा, कारण त्यावर उत्तर द्यावं लागतं. भायखळ्यात मिर्झा गालिब मार्गावर पालिका आणि वाहतूक पोलिसांना सोबत घेऊन शाळेभोवतीचा रस्ता रंग, खांब आणि चालायच्या पट्ट्यांनी बदलून पाहिला गेला, तेही मी त्यांना सांगितलं. मुंबईत हे होऊ शकतं, एवढं कळायला.

शाळेने चालत येणाऱ्यांसाठी बाजूचं छोटं फाटक उघडलं आणि खालच्या वर्गांना दहा मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली. खर्च शून्य. रिक्षा आणि स्कूटरवाल्यांनी कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी उतरवायचं ठरलं, निम्मे पाळतात. सोसायट्यांतल्या पालकांनी पाळ्या लावल्या; आता सात-आठ मुलं एका मोठ्या माणसाबरोबर चालत जातात. झेब्रा पट्टा पावसाळ्यानंतर रंगवला गेला. फूटपाथवरच्या दुचाक्या आहेत तिथेच आहेत. पालिकेच्या एस विभाग कार्यालयात त्याचा अर्ज पडून आहे. पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं, त्याचा उल्लेख दुसऱ्या स्मरणपत्रात केला आहे.

मुलाची पोटदुखी गेली. आईची भीती गेली नाही, पण ती आता त्या फूटपाथपाशी सुरू होते आणि ओलांडला की संपते. मला ते पुरेसं वाटलं, तिलाही. तुमच्या बाबतीत आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहत असेल, किंवा घराबाहेर पडणंच टाळलं जात असेल, तर नुसत्या नकाशावर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा निदान १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोला.

नवरा अजूनही म्हणतो की एवढं काही नव्हतं. पाळीच्या यादीत मंगळवार त्याचा आहे, आणि फूटपाथचं तिसरं पत्र तोच घेऊन जाणार आहे.