बचावात्मक खेळाडू की बचावाचा खेळाडू?

आइस हॉकीतले निवृत्त खेळाडू रॉड लँगवे यांच्या कारकिर्दीवर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. इंग्रजीत लँगवे यांना 'डिफेन्सिव्ह डिफेन्समन' म्हणतात. त्याचे 'बचावात्मक बचावपटू' केले तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते आणि नुसते 'बचावपटू' म्हटले तर अर्थ अर्धाच उरतो, तेव्हा नेमके काय लिहावे, ही पहिली शंका. दुसरी त्यांच्या टोपणनावाविषयी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

वाचकाच्या कानाला जे खटकले ते बरोबरच खटकले. इंग्रजी शब्दजोडीतले नाम खेळाडूची जागा सांगते आणि विशेषण त्याची प्रकृती सांगते. आइस हॉकीत एका वेळी गोलरक्षक, दोन बचावपटू आणि आघाडीचे तीन असे सहा जण बर्फावर असतात. पण बचावपटूच्या जागी उभा राहणारा प्रत्येक जण बचावच करतो असे नाही. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या १९८३-८४ च्या हंगामात एडमंटन संघाचे पॉल कॉफी हे बचावपटू असूनही ४० गोल आणि ८६ गोलसाहाय्ये मिळून १२६ गुणांपर्यंत पोहोचले. वॉशिंग्टनकडून खेळणाऱ्या लँगवे यांचे त्याच हंगामातले गुण होते अवघे ३३. तरीही त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक लँगवे यांनाच मिळाला, आणि तोही सलग दुसऱ्यांदा. आदल्या हंगामात तर त्यांचे गोल फक्त ३ होते. ही दोन माणसे एकाच जागेवर खेळत होती आणि त्यांचा खेळ मात्र दोन टोकांचा होता. मराठीत दोघांनाही 'बचावपटू' एवढेच म्हटले, तर टिपणाचा विषयच हातून निसटतो.

यात एक गंमतीचा भाग आहे. 'पटु' म्हणजे निपुण, त्यामुळे 'बचावपटू' या शब्दाचा मूळ अर्थ 'बचावात निपुण' असाच होतो आणि त्या अर्थाने तो लँगवे यांना तंतोतंत लागू पडतो. पण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी फुटबॉल आणि हॉकीच्या वृत्तांतांत हा शब्द इतकी वर्षे जागेचे नाव म्हणून वापरला आहे की त्यातली निपुणता आता कोणाला ऐकू येत नाही. रुळलेला शब्द व्युत्पत्तीच्या जोरावर मागे ओढता येत नाही आणि तसा प्रयत्न करूही नये.

आता 'बचावात्मक'कडे वळू. शब्द म्हणून त्यात काही गैर नाही. 'बचाव' या देशी नामाला संस्कृत '-आत्मक' जोडल्याबद्दल कोणी नाक मुरडत असेल, तर त्याच्याशी मी सहमत नाही, कारण असे जोडशब्द मराठीत सुखाने नांदतात. अडचण वेगळी आहे. '-आत्मक' लागलेली विशेषणे मराठीत प्रामुख्याने कृतीला, धोरणाला किंवा पवित्र्याला शोभतात. आपण रचनात्मक काम म्हणतो, प्रयोगात्मक परीक्षा म्हणतो. रचनात्मक बाई किंवा प्रयोगात्मक गृहस्थ म्हणत नाही. 'सकारात्मक माणूस' अलीकडे रुळला आहे हे मान्य, पण तो अजून तरी अपवादच वाटतो. त्यातून 'बचावात्मक' या शब्दावर एक छटा पक्की बसली आहे. 'बचावात्मक फटका' किंवा 'बचावात्मक फलंदाजी' इथपर्यंत तो निर्दोष असतो. पण मंत्री 'बचावात्मक पवित्र्यात गेले' किंवा कोणी 'बचावात्मक भूमिका घेतली' असे वाचले की तो माणूस मागे रेटला गेला, त्याला उत्तर सुचत नाही, असेच आपण समजतो. अशा शब्दाने लँगवे यांची ओळख करून दिली, तर वाचकासमोर एक दबलेला, बिचकणारा खेळाडू उभा राहील. प्रत्यक्षात समोरून चकती घेऊन येणाऱ्याकडे तोंड ठेवून उलट्या पावली घसरत जायचे, काठी लांब धरून त्याची गोलकडची वाट अडवायची, त्याला हळूहळू कडेच्या फळीकडे लोटत न्यायचे आणि तिथे अंगाने दाबून चकती सोडवायची, हे बिचकणाऱ्याचे काम नाही. शिरस्त्राणाची सक्ती होण्याआधी लीगमध्ये आलेल्यांना सूट होती, ती घेऊन लँगवे १९९३ पर्यंत उघड्या डोक्यानेच खेळले, एवढे सांगितले तरी पुरे.

शिवाय ही प्रकृती फक्त बचावपटूंचीच असते असेही नाही. मॉन्ट्रियलचे बॉब गेनी आघाडीच्या फळीत डाव्या बाजूला खेळत. उत्तम बचाव करणाऱ्या आघाडीवीरासाठी १९७८ मध्ये सेल्की करंडक सुरू झाला आणि पहिली चारही वर्षे तो गेनी यांनीच जिंकला. त्यांना 'बचावपटू' म्हणणे तर सरळसरळ चूक ठरेल. म्हणजे आपल्याला असा शब्द हवा आहे, जो जागेला न चिकटता प्रकृती सांगेल आणि कोणाला कमीपणाही आणणार नाही.

तो शोधायला शब्दकोश उघडण्याची गरज नाही. कबड्डीच्या मैदानावर तो केव्हापासून आहे. आपल्याकडच्या कबड्डी स्पर्धांत शेवटच्या दिवशी बक्षिसे पुकारतात ती 'उत्कृष्ट चढाईचा खेळाडू' आणि 'उत्कृष्ट पकडीचा खेळाडू' अशी. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक ही जागांची नावे वेगळी, आणि 'पकडीचा खेळाडू' हे गुणाचे नाव वेगळे. इंग्रजीला नाम आणि विशेषणाची जोडी लावून जो भेद करावा लागतो, तो मराठीने नुसत्या षष्ठीच्या प्रत्ययावर केला आहे. हा '-चा' मोठा कामाचा आहे: शब्दाचा माणूस, कष्टाचा माणूस, भरवशाचा गडी. ज्याच्यापुढे तो लागतो, ती गोष्ट त्या माणसाच्या स्वभावात मुरलेली आहे असे तो सांगतो.

म्हणून माझे मत असे की लँगवे आणि गेनी या दोघांनाही 'बचावाचा खेळाडू' म्हणावे. वाक्यात विशेषणच हवे असेल, तर 'बचावप्रधान खेळ' चालेल. कृषिप्रधान, भावप्रधान हे शब्द आपल्या सवयीचे आहेत आणि 'प्रधान'मध्ये कमीपणाची छटा नाही. जागा आणि प्रकृती दोन्ही एकत्र सांगायची असतील, तर 'घर राखणारा बचावपटू' हा प्रयोग मला आवडतो. इंग्रजीत अशा खेळाडूला 'स्टे-अ‍ॅट-होम' म्हणतात, पण त्याचे शब्दशः 'घरी बसणारा' केले की अर्थ पार फिरतो, कारण मराठीत घरी बसणे हा दोष आहे आणि घर राखणे ही जबाबदारी. शेत राखायला माचाणावर बसलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणत नाही.

वाचकाने नमुन्यादाखल पाठवलेले वाक्य असे होते: 'लँगवे हे एक बचावात्मक बचावपटू होते, ज्यांनी वॉशिंग्टनला बाद फेरीत नेले.' ते मी असे लिहीन: 'लँगवे मुळातच बचावाचे खेळाडू. सप्टेंबर १९८२ मध्ये ते मॉन्ट्रियलहून वॉशिंग्टनला आले आणि १९७४ पासून एकदाही बाद फेरी न गाठलेला तो संघ त्याच हंगामात तिथे पोहोचला.' यश एकट्याचे नसल्यामुळे 'नेले' हे क्रियापदही मी काढले आहे. दोन संघांतल्या खेळाडूंच्या त्याच अदलाबदलीत त्यांच्याबरोबर आणखी तिघे आले होते आणि त्यांतले डग जार्व्हिस हेही बचावाचेच खेळाडू होते.

आता टोपणनाव. राजधानीच्या संघाचा हा कर्णधार म्हणून त्यांना तिथे 'सेक्रेटरी ऑफ डिफेन्स' म्हणत. 'संरक्षणमंत्री' हे त्याचे भाषांतर बरोबर आहे, पण त्यातला श्लेष मराठीत हरवतो, कारण इंग्रजीत देशाचे आणि खेळातले 'डिफेन्स' एकच, तर आपल्याकडे देशाचे ते संरक्षण आणि मैदानावरचा तो बचाव. मात्र खो-खो याला अपवाद आहे. तिथे खेळाडू 'संरक्षण' करतो आणि बक्षीसही 'उत्कृष्ट संरक्षक' म्हणूनच घेतो. तेव्हा टोपणनावाच्या आधीच्या वाक्यात 'गोलचे संरक्षण' असा शब्द सहज येऊ द्यावा आणि मग 'संरक्षणमंत्री' लिहावे; वेगळा खुलासा करावा लागणार नाही.