वाढीची दोरी कोणाच्या हातात?

अनेक आशीर्वाद.

पूर्व आफ्रिकेवरच्या अहवालाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्या प्रकरणातले सगळे तक्ते आर्थिक वाढीच्या दराचे आहेत आणि तिथेच माझं तुझ्याशी पटत नाही. केनिया, टांझानिया, रवांडा, इथिओपिया, सगळ्यांचे आकडे मांडलेत. वाचणारा खूश होतो आणि पान उलटतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये नायजेरियाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या आधारावर मोजणी होते ते, बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर ८९ टक्क्यांनी फुगली. त्याच वर्षी सप्टेंबरात केनियानेही तेच केलं, २५ टक्क्यांची भर पडली आणि देश मध्यम उत्पन्नाच्या गटात जाऊन बसला. यात लबाडी नव्हती, मोबाईलसारखे नवे धंदे आधी नीट मोजलेच जात नव्हते. पण त्या रात्री नैरोबीत कुणाच्या घरी मक्याच्या पिठाची उगाली मूठभर जास्त शिजली नाही.

तेव्हा दर घटकाभर बाजूला ठेव. दर कशावर उभा आहे आणि उद्या तो कोण खाली खेचू शकतो, हे प्रत्येक देशाबद्दल विचार.

तू लातूरची, म्हणून तुरीपासून सुरुवात करतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती आणि दिल्लीला घाम फुटला होता. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन डाळी घेऊ, पाचव्या वर्षापर्यंत दोन लाख टनांवर जाऊ, असं आपण कबूल केलं. मी तेव्हा टांझानियात दार-ए-सलामला एका व्यापारी कंपनीची खरेदी बघत होतो. टांझानियातही उत्तरेला बाबाटीपासून दक्षिणेला म्त्वारापर्यंत लोक तुरीकडे वळत होते. गणित सोपं होतं. तिकडची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येते, आणि मधल्या काळात आपल्या डाळमिलांना माल कमी पडतो. 'अरुशा', 'मटवारा', 'गजरी' ही नावं तू अडतीवर ऐकली असशील, तो माल तिकडचाच. तिकडे तूर खातात, पण थोडी. बहुतेक पीक भारतासाठीच असतं.

मग आपल्याकडे पाऊस चांगला झाला. २०१६-१७ मध्ये देशातलं तुरीचं उत्पादन पंचवीस लाख टनांवरून अठ्ठेचाळीस लाख टनांच्या आसपास गेलं. हमीभाव ५०५० रुपये, पण बाजारात तो मिळेना. खरेदी केंद्रांबाहेर लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा तू स्वतः पाहिल्या आहेस. ५ ऑगस्ट २०१७ ला दिल्लीने अधिसूचना काढली, वर्षाला दोन लाख टनांच्या वर तूर आयात करायची नाही. मोझांबिकचा करार तेवढा त्यातून वगळला. आपल्या शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर निर्णय योग्यच होता. फक्त तारीख बघ. ऑगस्ट. टांझानियात माल नुकता खळ्यावरून उचलला होता.

बाबाटीला गोदामाच्या ओट्यावर पोती लावून माणसं बसली होती. आमचा माणूस पोत्यात टोकदार नळी खुपसायचा, तळहातावर दाणे घ्यायचा, एक दाताखाली फोडून ओलावा बघायचा. माल चोख होता. भाव मात्र सांगता येत नव्हता, कारण मुंबईहून फोनच येत नव्हता. त्यांना सांगणार तरी काय? लातूरला पाऊस चांगला झाला म्हणून तुमची तूर पडून राहिली? २०२१ च्या मे महिन्यात दिल्लीनेच आयात पुन्हा मोकळी केली. आफ्रिकेतल्या वाढीवर लिहिताना आपण चीन आणि अमेरिकेकडे बोट दाखवतो. तुझ्या अहवालात भारताचं नाव फक्त 'गुंतवणूकदार' म्हणून आलंय, ते दुरुस्त कर.

तू म्हणशील, मग तूर तिथेच भरडून डाळ का विकत नाहीत? हा प्रश्न मीही बऱ्याच जणांना विचारलाय. काही मिल आहेतही. पण खेळतं भांडवल पंधरा-सोळा टक्के व्याजाने उचलायचं, वीज जाईल तेव्हा डिझेल जाळायचं, वर्षातले काही महिनेच मिल चालवायची, आणि गिऱ्हाईक एकच. तेही कधी दार लावून घेईल याचा भरवसा नाही. कोण पैसा घालील? काजूचीही गत फार वेगळी नाही. कोकण-गोव्यातल्या कारखान्यांत फुटणारी बरीचशी काजू बी आफ्रिकेतून कच्चीच येते.

बाहेरच्यांनाच दोष देऊन सुटू नकोस, हेही सांगून ठेवतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये व्यापारी भाव पाडतात म्हणून टांझानियाचे अध्यक्ष मागुफुली यांनी काजूचं सगळं पीक सरकारी भावाने घ्यायचा हुकूम सोडला आणि लष्कराचे ट्रक गावोगाव पाठवले. टाळ्या पडल्या. पण घेतलेला माल पुढे विकायचा कुणाला, याचं उत्तर तयार नव्हतं. शेतकऱ्यांचे पैसे रखडले.

आता कपडे. नैरोबीच्या गिकोंबा बाजारात जा, सकाळी लवकर. युरोप-अमेरिकेतून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे पंचेचाळीस-पंचेचाळीस किलोचे बांधलेले गठ्ठे असतात. विकत घेणारी बाई आत काय आहे ते न बघताच पैसे मोजते. फोडल्यावर चांगले शर्ट निघाले तर महिना सुटला, नाहीतर कर्ज. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाच्या देशांनी ठरवलं, की तीन वर्षांत हा माल बंद करायचा आणि आपल्या कापड गिरण्या उभ्या करायच्या. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा वॉशिंग्टनने अगोआ, म्हणजे आफ्रिकी देशांना अमेरिकेत करमुक्त निर्यातीची जी सवलत आहे, ती काढून घेण्याचा इशारा दिला. केनिया, टांझानिया, युगांडा मागे हटले. रवांडा अडून बसला, २०१८ मध्ये त्याची कपड्यांवरची सवलत गेली. त्याची ती निर्यात मुळातच थोडी होती, म्हणून हा बाणा परवडला. केनियाच्या शिलाई कारखान्यांत हजारो मुली पगारावर होत्या, त्याला तो परवडला नसता. शिवाय गिकोंबातल्या त्या बाईचं काय, हा प्रश्न उरतोच.

कर्जाचं प्रकरण तू चांगलं लिहिलंयस, त्यावर थोडंच. केनियाने २०१४ मध्ये दोन अब्ज डॉलरचे रोखे विकले. ते फेडायची वेळ आली तेव्हा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दहा टक्क्यांच्या घरातल्या व्याजाने दीड अब्ज नव्याने उचलावे लागले. मोम्बासा-नैरोबी रेल्वे २०१७ मध्ये चिनी कर्जावर उभी राहिली. ती युगांडाच्या सीमेपर्यंत जायची होती, २०१९ मध्ये नैवाशापर्यंत पोचली आणि पुढे वर्षानुवर्षे अडली. या हप्त्यांसाठी कर वाढवायला गेले आणि २५ जून २०२४ ला तरुण पोरं संसदेत घुसली. ब्रेडवर सोळा टक्के व्हॅट लावायचा प्रस्ताव आधीच मागे घेतला होता, तरी राग शमला नव्हता. गोळीबार झाला, पोरं मेली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहिला. आफ्रिकी विकास बँक सांगते की खंडात दरवर्षी एक कोटीच्या वर तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि पक्क्या नोकऱ्या तीसेक लाख निघतात. संसदेचं फाटक तोडणारे यांतलेच. म्हणून नोकऱ्यांचा तक्ता परिशिष्टात ठेवू नकोस, पुढे आण.

इथिओपियावर तू भाळली आहेस. मीही भाळलो होतो. नाईलवरच्या धरणाला परदेशी कर्ज मिळेना, तेव्हा २०११ पासून लोकांना रोखे विकून आणि सरकारी नोकरांच्या पगारातून पैसा उभा केला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ५१५० मेगावॉटचं धरण सुरू करून दाखवलं. दुसऱ्या कुणाच्या परवानगीवाचून झालेलं त्या प्रदेशातलं हे सर्वांत मोठं काम. पण त्याच सरकारने २०२० मध्ये देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध ओढवून घेतलं. २०२२ उजाडताच अगोआ गेलं, हवासाच्या औद्योगिक वसाहतीतून परदेशी ब्रँड निघाले. डिसेंबर २०२३ मध्ये अवघा तीन कोटी तीस लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला. जुलै २०२४ मध्ये बिर या आपल्या चलनाचा दर बाजारावर सोडला आणि तो कोसळला. दोरी स्वतःच्या हातात असली तरी ती कशीही ओढून चालत नाही, यासाठी इथिओपियाचं प्रकरण नव्याने लिही.

तुझ्या 'संधी' या प्रकरणात एम-पेसा या मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेला सात पानं आहेत, ती तीनवर आण. २००७ मध्ये, आपल्याकडे यूपीआय येण्याच्या नऊ वर्षं आधी, केनियाने साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवून दाखवले, कौतुक करावं तेवढं थोडं. पण पैसा पोचला म्हणजे कर्ज स्वस्त झालं असं नाही. मला त्याहून आशा वाटते ओल्कारियाला जमिनीतून निघणाऱ्या, वीज करणाऱ्या वाफेत. केनियाच्या विजेत सगळ्यांत मोठा वाटा भूगर्भातल्या उष्णतेचा आहे. तेल महागो की पाऊस दडी मारो, ती वीज चालू राहते. ती गिरणीवाल्याला कोणत्या दराने पडते, हे तू कुठेच दिलेलं नाहीस. दे.

आणि शेजाऱ्यांचा आपसातला व्यापार. खंडव्यापी मुक्त व्यापार १ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. मार्चमध्ये केनियाने युगांडा-टांझानियाचा मका बुरशीच्या विषाचं कारण देऊन अडवला, मग काही दिवसांत अटी घालून सोडला. रवांडाने युगांडाच्या सीमेवरचं गतुना नाकं २०१९ ते २०२२ जवळपास बंदच ठेवलं. करारातली कलमं उतरवून काढण्यापेक्षा एखाद्या नाक्यावर जाऊन बस. ट्रक किती तास उभा राहतो, कागद कोण बघतो, ड्रायव्हर तोवर जेवतो कुठे, हे लिहून आण.

जाण्याआधी एक काम. मोम्बासा बंदराच्या वार्षिक अहवालांतून परत जाणाऱ्या कंटेनरांपैकी भरलेले किती आणि रिकामे किती, याचे दहा वर्षांचे आकडे काढ, म्हणजे बाहेर किती माल विकला जातो ते दिसेल, आणि ते वाढीच्या तक्त्याशेजारी लाव. पुढच्या मसुद्यात पहिल्या पानावर मला ते दोन्ही तक्ते एकत्र हवे आहेत. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी घे, कार्ड पासपोर्टबरोबर ठेव.

कळावे, लोभ आहेच.